रोशाचे तेल आणि डोळ्याची चाचणी : एक आढावा

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आज बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकतात. कच्चा माल विकून थांबू नये, प्रक्रियाही गावातच व्हावी, हा विचार त्याच्या पुढचा. त्यात मोह, हिरडा, चारोळी यांच्याबरोबर सुगंधी गवतांचे तेल येते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७मध्ये सुरू केलेल्या अरोमा मिशनमुळे रोशा, गवती चहा अशा पिकांकडे कोरडवाहू भागाचे लक्ष अधिक वळले.

तेल बाटलीत भरले की ते निव्वळ गौण वनोपज राहत नाही. साबणवाला असो, मलमवाला असो की परदेशी व्यापारी, खरेदीदार सुरक्षिततेचा कागद मागतो. त्या कागदावर एक रकाना डोळ्याचा असतो : हे तेल डोळ्यात गेले तर काय होईल? या रकान्यात काय लिहायचे आणि ते कशाच्या आधारावर, यावर ऐंशी वर्षे वाद चालू आहे. रोशाचे तेल उदाहरणादाखल घेऊन तो वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

तेलाची ओळख

रोशा किंवा तिखाडी हे विदर्भ-खानदेशातल्या कोरड्या पानगळीच्या वनात आणि माळरानावर वाढणारे गवत. फुलोऱ्यावर आले की कापायचे आणि वाफेवर ऊर्ध्वपातन करून तेल काढायचे, ही पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेश, निमाड आणि मेळघाटच्या बाजूला ओढ्याकाठी भट्ट्या लागत. पाण्याची सोय असली की कढई, बांबूची नळी आणि थंड पाण्यात बुडवलेले भांडे एवढ्यावर काम भागे. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे त्याची गुलाबाच्या अत्तरात भेसळ होई, कारण त्याचा वास गुलाबाशी मिळताजुळता.

तो वास जिरॅनिऑल या अल्कोहोल वर्गातल्या द्रव्याचा. चांगल्या रोशाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण साधारण ७५ ते ८५ टक्के असते. उरलेल्या भागात जिरॅनिल अॅसिटेट, लिनॅलूल आणि इतर घटक येतात. गवताच्या दोन जाती मानल्या जातात. मोतिया जातीत जिरॅनिऑल भरपूर, सोफियात बरेच कमी. दोन्ही गवते दिसायला इतकी सारखी की शेजारी शेजारी उगवली तर कापणारा फसतो. कापणीचा महिना, जमीन, भट्टी किती वेळ चालली, तेल किती दिवस ठेवले, यांनीही प्रमाण बदलते. डोळ्याच्या चाचणीचा विचार करताना ही गोष्ट पुन्हा पुढे येणार आहे.

लोकव्यवहारात हे तेल गुडघेदुखी, कंबरदुखीवर चोळतात. त्यामुळे ते निरुपद्रवी असल्याचा समज आहे. पण जंगलातून आलेले सगळेच सौम्य नसते, हे बिब्बा गोळा करणाऱ्याला सांगावे लागत नाही. बिब्बा उतला की काय होते, हे गावोगाव ठाऊक आहे. शिवाय गुडघ्याची जाड कातडी आणि डोळ्याचा नाजूक पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, यांची सहनशक्ती वेगळी. युरोपात शुद्ध जिरॅनिऑलच्या सुरक्षापत्रकांवर ‘डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते’ हा इशारा सर्रास आढळतो.

सशाचा डोळा : १९४४ ते आज

डोळ्याच्या चाचणीची सुरुवात सौंदर्यप्रसाधनांपासून झाली. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने काही स्त्रियांचे डोळे गेले, एक मृत्यूही झाला. १९३८मध्ये तिथे अन्न, औषध आणि प्रसाधनांचा नवा कायदा आला. १९४४मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ यांनी वुडर्ड आणि कॅल्व्हरी या सहकाऱ्यांसह सशाच्या डोळ्यावरची पद्धत प्रसिद्ध केली. ती ड्रेझ चाचणी म्हणून जगभर गेली.

पद्धत अशी. सशाच्या खालच्या पापणीच्या खोबणीत ०.१ मिलिलिटर द्रव टाकायचा. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग १, २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहायचे आणि गरज पडल्यास २१ दिवसांपर्यंत नोंद ठेवायची. कॉर्निया किती धुरकटला, आयरिसला सूज आली का, पापणीच्या आतला पडदा किती लाल झाला, किती सुजला, याला गुण द्यायचे. मूळ गुणपत्रिकेत एकूण ११० गुणांपैकी ८० कॉर्नियाला होते, कारण दृष्टी जाते ती तिथे. १९८१मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, ही पद्धत चाचणी-सूचना क्रमांक ४०५ म्हणून स्वीकारली. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. आता ससे कमी लागतात, वेदनाशामक आणि बधिरीकरण आधी द्यावे लागते, आणि इतर सर्व माहिती तपासल्यावरच सशाकडे वळावे अशी अट आहे.

आक्षेप दोन बाजूंनी आले. पहिला नैतिक. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९मध्ये प्राण्यांचा वापर टाळणे, कमी करणे आणि वेदना घटवणे ही तीन सूत्रे मांडली. १९८०मध्ये हेन्री स्पिरा यांच्या मोहिमेने रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीला लक्ष्य केले. त्या दबावातून पर्यायी पद्धतींच्या संशोधनाला पैसा मिळाला आणि १९८१मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले.

दुसरा आक्षेप शास्त्रीय होता. १९७१मध्ये वेल आणि स्काला यांनी तीच द्रव्ये सुमारे पंचवीस प्रयोगशाळांत तपासून घेतली. एका प्रयोगशाळेत जे सौम्य ठरले ते दुसरीत तीव्र ठरले. २०१६मध्ये युरोपीय नोंदणीतल्या हजारो ड्रेझ चाचण्यांचे विश्लेषण झाले. एकदा गंभीर ठरलेले द्रव्य पुन्हा तपासल्यावर गंभीरच ठरण्याची शक्यता सुमारे तीन चतुर्थांश निघाली. मध्यम दाह करणाऱ्या द्रव्यांच्या बाबतीत मात्र तोच निकाल पुन्हा येण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश होती. म्हणजे दोन टोके बऱ्यापैकी पक्की आणि मधला पट्टा डळमळीत.

भारतातला कायदा

भारतात एकाच तेलाला त्याच्या वापरानुसार वेगवेगळे कायदे लागतात. गोंधळाचे मूळ इथे आहे.

प्रसाधनांच्या बाबतीत चित्र स्पष्ट आहे. भारतीय मानक ब्युरोच्या समितीने २०१३मध्ये प्रसाधनांच्या सुरक्षा-मानकातून प्राण्यांवरच्या चाचण्या काढून टाकण्याचे ठरवले. मे २०१४मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-सी हा नियम आला आणि प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी झाली. त्याच वर्षी अशा चाचणीतून गेलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. २०२०च्या प्रसाधन नियमांत ही बंदी कायम आहे. रोशाचे तेल साबणात किंवा क्रीममध्ये जाणार असेल, तर सशाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आयुर्वेदिक औषध म्हणून तेल बाजारात आणायचे तर नियम १५८-बी लागू होतो. ग्रंथोक्त पाठाचे औषध ग्रंथात सांगितल्याप्रमाणेच केले आणि वापरले, तर सुरक्षेचा स्वतंत्र अभ्यास सहसा लागत नाही. पाठात किंवा वापरात बदल केला की निकष बदलतात.

तिसरी वाट कीटकनाशकाची. हिवतापाने वर्षानुवर्षे गांजलेल्या गडचिरोलीत डासांना दूर ठेवणारे स्थानिक तेल ही कल्पना कुणालाही सुचेल. पण डासरोधक म्हणून नोंदणी करायची तर १९६८चा कीटकनाशक अधिनियम लागतो आणि नोंदणी समिती त्वचा व श्लेष्मल पडद्याच्या दाहाची माहिती मागते. ही माहिती परंपरेने सशावरच्या चाचणीतून येत आली आहे. म्हणजे तेच तेल त्याच बाटलीतून क्रीममध्ये गेले तर ससा निषिद्ध, डासरोधकात गेले तर ससा अपेक्षित.

औषधांच्या बाजूने २०२३मध्ये एक बदल झाला. नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, अवयव-प्रतिरूपे आणि संगणकीय पद्धतींनी मिळालेली माहिती ग्राह्य धरण्याची वाट खुली झाली. निर्यातीच्या बाजूने युरोपचा रसायनांविषयीचा रीच कायदा महत्त्वाचा आहे. वर्षाला एक टन किंवा अधिक माल गेला की नोंदणी लागते. तिच्यात डोळ्याची माहिती आधी प्राण्याविना पद्धतींनी मागितली जाते.

सशाशिवायच्या पद्धती

या पद्धतींचे तीन मुख्य गट इथे पाहू.

पहिला गट कत्तलखान्यातून मिळालेल्या डोळ्यांचा. गुरांच्या कॉर्नियाची पद्धत (सूचना ४३७) आणि कोंबडीच्या डोळ्याची पद्धत (सूचना ४३८) या दोन्ही ओईसीडीने २००९मध्ये स्वीकारल्या. गुरांच्या पद्धतीत कॉर्निया एका चौकटीत बसवून त्यावर द्रव दहा मिनिटे ठेवतात. मग तो किती धुरकटला आणि त्यातून फ्लुरोसीन हा रंग किती पाझरला ते मोजतात. दोन्हींचा मिळून एक अंक येतो. तो ३ किंवा त्याखाली असेल तर द्रव्य धोक्याच्या वर्गाबाहेर, ५५च्या वर असेल तर गंभीर. मधल्या पट्ट्याबद्दल ही पद्धत एकटीने बोलत नाही.

दुसरा गट मानवी पेशींपासून वाढवलेल्या कॉर्नियासारख्या थरांचा (सूचना ४९२, २०१५). द्रव लावल्यानंतर ६० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहिल्या तर दाहकारक नाही असे मानतात. तिसरा गट अंड्याचा. फलित अंडे नऊ-दहा दिवस उबवून त्याच्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर द्रव टाकतात आणि पाच मिनिटांत रक्तस्राव, विरघळणे किंवा गोठणे दिसते का ते पाहतात. ओईसीडीच्या सूचनांत ही पद्धत नाही, पण भारतातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत ती बरीच वापरली जाते, कारण तिला खर्च कमी आणि सामग्री साधी लागते.

कोणतीही एक पद्धत ड्रेझची पूर्ण जागा घेत नाही, हे मान्य झाल्यावर ओईसीडीने २०२२मध्ये सूचना ४६७ काढली. तीत द्रव्याचे भौतिक गुणधर्म आणि दोन वेगळ्या पद्धतींचे निकाल ठरलेल्या क्रमाने जोडून निर्णय घेतला जातो.

चार भूमिका

सध्याच्या चर्चेत चार भूमिका दिसतात.

पहिली सावध विषशास्त्रज्ञांची. त्यांचे म्हणणे असे की डोळ्याच्या इजेत पहिल्या तासापेक्षा एकविसावा दिवस महत्त्वाचा. जखम भरून आली की कायम राहिली, हे जिवंत डोळाच सांगतो. तबकडीतल्या पेशींना बरे होण्याची संधी मिळत नाही.

दुसरी पर्यायी पद्धतींच्या पुरस्कर्त्यांची. सशाचा कॉर्निया माणसापेक्षा पातळ, त्याला तिसरी पापणी असते, तो कमी वेळा डोळे मिटतो. ज्या चाचणीचा मधला पट्टा स्वतःशीच जुळत नाही, तिला कसोटीचा दगड का मानावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तिसरी परंपरेचा आधार घेणाऱ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या तेलासाठी महागडी चाचणी मागणे म्हणजे लहान उत्पादकाला बाजाराबाहेर ठेवणे, अशी त्यांची तक्रार आहे. तिच्यात तथ्य आहे. मात्र परंपरेचा पुरावा चोळण्याचा आहे, डोळ्यात जाण्याचा नाही, याकडे इतर तिन्ही बाजू लक्ष वेधतात.

चौथी भूमिका व्यवहारी मिश्रणकारांची. रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीत मिश्रणासाठी सरळ हिशेब आहे. गंभीर वर्गातला घटक ३ टक्के किंवा अधिक असेल तर मिश्रणही गंभीर. १ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर दाहकारक. त्याखाली सहसा काही नाही. जिरॅनिऑल गंभीर वर्गात धरले आणि तेलात ते ८० टक्के आहे असे मानले, तर शुद्ध तेलाचा निकाल कोणत्याही चाचणीआधीच लागतो. अर्धा टक्का तेल असलेल्या साबणात जिरॅनिऑल ०.४ टक्के, म्हणजे इशारा लागत नाही. दोन टक्के तेलाच्या क्रीममध्ये १.६ टक्के, म्हणजे दाहकारक. पाच टक्के तेलाच्या डासरोधकात ४ टक्के, म्हणजे कागदावर तेही गंभीर. इथे चाचणी कामाला येते. कागदी हिशेब धोका फुगवून तर दाखवत नाही ना, हे तीच ठरवू शकते.

जंगलातल्या तेलाच्या खास अडचणी

पर्यायी पद्धती प्रमाणित झाल्या त्या मुख्यतः एकेका शुद्ध रसायनावर आणि ठराविक मिश्रणांवर. वनस्पतीचे तेल त्या चौकटीत सहज बसत नाही.

अल्कोहोल वर्गाची अडचण रोशाच्या तेलाला थेट लागू पडते. गुरांच्या आणि कोंबडीच्या डोळ्यांच्या दोन्ही पद्धती अल्कोहोलांना प्रत्यक्षाहून अधिक दाहक ठरवतात, हे त्यांच्या सूचनांतच नोंदलेले आहे. जिरॅनिऑल अल्कोहोलच. तेव्हा या पद्धतीने आलेला वाईट निकाल तेवढ्यावरून अंतिम मानता येत नाही.

पेशींच्या पद्धतीत निकाल रंगावरून वाचतात. काही वनस्पतिजन्य घटक पेशींच्या मदतीविना स्वतःच तो रंग उत्पन्न करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसू लागतात. त्यासाठी वेगळ्या नियंत्रण-तपासण्या कराव्या लागतात. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे कोणत्या द्रावकात विरल करावे यानेही निकाल हलतो. अंड्याच्या पडद्यावर तेलाचा तवंग पसरला तर खालच्या रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत.

महाराष्ट्रापुरती एक वेगळी अडचण आहे. २०१५पासून राज्यात गाईंबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि ४३७ क्रमांकाची पद्धत गुरांच्या डोळ्यावर प्रमाणित झालेली. म्हशीचा किंवा शेळीचा डोळा मिळू शकतो. शेळीचा कॉर्निया आपल्याकडच्या औषधनिर्माण संशोधनात औषध किती झिरपते हे पाहायला नेहमी वापरला जातो. पण दाहाच्या वर्गीकरणासाठी ३ आणि ५५ या सीमारेषा शेळीला जशाच्या तशा लावता येत नाहीत. कोंबडीच्या डोळ्याला ही कायदेशीर अडचण नाही. मानवी पेशींचे प्रमाणित थर अमेरिका, स्लोव्हाकिया, फ्रान्स इथून येतात. त्यांचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. माल विमानतळावर अडकला की तो वाया जातो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) यांच्या साथीने २०२२मध्ये मानवी ऊतींपासून कॉर्नियाची त्रिमितीय छपाई करून दाखवली. ते काम प्रत्यारोपणासाठी होते, पण कौशल्य देशात आणि विदर्भाच्या शेजारी आहे, हे त्यातून दिसले.

आणि शेवटी नमुन्याचा प्रश्न. एका ग्रामसभेच्या ऑक्टोबरच्या भट्टीचे तेल आणि दुसरीच्या डिसेंबरच्या भट्टीचे तेल यांना एकच अहवाल लागू होतो का? मोतियात सोफिया मिसळले असेल तर? ज्या तेलाची घटकसूची जोडलेली नाही, त्याचा डोळ्याचा अहवाल कोणत्या तेलाबद्दल आहे हेच सांगता येत नाही.

काय ठरले, काय उरले

काही गोष्टींवर आता फारसा वाद नाही. शुद्ध रोशाचे तेल डोळ्यासाठी धोकादायक धरावे आणि ते सिद्ध करायला नवा ससा लागू नये. प्रसाधनांसाठी भारतात प्राण्यांवर चाचणी होणार नाही. गंभीर आणि निर्धोक ही दोन टोके ओळखायला प्राण्याविना पद्धती पुरेशा आहेत.

अनिर्णित आहे तो मधला पट्टा. जखम भरून येण्याची क्षमता प्राण्याशिवाय कशी मोजायची, यावर एकमत नाही. बदलत्या घटकांच्या वनस्पती-तेलांसाठी कोणत्या दोन पद्धती जोडाव्यात, याचा निवाडा झालेला नाही. शेळी किंवा म्हशीच्या कॉर्नियाच्या भारतीय सीमारेषा ठरायच्या आहेत. भट्टीजवळ रोज वाफेत उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न तर या सगळ्या चाचण्यांच्या बाहेरच राहतो, कारण त्या एका वेळी लागलेल्या मात्रेवर बेतलेल्या आहेत. आणि कीटकनाशकांची नोंदणी व प्रसाधनांचे नियम यांच्यातली विसंगती मिटायची आहे.

या स्थितीत क्रम उलटा लावणे शहाणपणाचे ठरेल. आधी घटकसूची, मग हिशेब, मग चाचणी. प्रत्येक भट्टीच्या मालाचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल असेल, तर बहुतेक उत्पादनांचा निकाल हिशेबानेच लागतो. चाचणीवरचा पैसा मग डासरोधकासारख्या सीमेवरच्या उत्पादनांसाठी राखता येईल, आणि तोही तयार मिश्रणावर, शुद्ध तेलावर नव्हे. ओईसीडीच्या प्रयोगशाळा-नियमांनुसार केलेली चाचणी परदेशातही मान्य होते, कारण भारत २०११पासून त्या परस्परमान्यतेचा पूर्ण सहभागी आहे. एखाद्या ग्रामसभेला हा खर्च एकटीने झेपणार नाही. अनेक ग्रामसभांनी मिळून एकसारखे तेल काढले आणि एकच अहवाल घेतला, तर झेपेल.

तोवर ज्यांच्याकडे तेल आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. बाटलीवर ‘डोळ्यात जाऊ देऊ नये, गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे व डॉक्टरांकडे जावे’ असे ठळक मराठीत लिहावे, आणि डोळ्याच्या औषधासारखी दिसणारी ड्रॉपरची बाटली वापरू नये. यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.